ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहिताय? या चुका टाळा

रत्नागिरी-मालवणकडे ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे आलेख काढणारा आणि प्रोग्रॅम साठवणारा कॅल्क्युलेटर, सहसा दुकानातून घरी येत नाही. आखातातला मामा आणतो, नाहीतर मुंबईचा दादा आपला जुना देतो. मग लंबक, भिंग, एसी सर्किट, दिसेल त्या सूत्राचा प्रोग्रॅम लिहायची हौस लागते. हौस चांगलीच. पण उत्तर चुकलं की मुलं प्रोग्रॅमच्या ओळीच उसवत बसतात, आणि चूक बहुतेक वेळा भलतीकडेच असते. इथली उदाहरणं टीआय-84 प्लसवरची आहेत.

पहिला संशय मोडवर घ्या, म्हणजे यंत्र कोन डिग्रीत मोजतंय की रेडियनमध्ये, त्या सेटिंगवर. समजा, मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीचा ढोबळ आलेख काढायचाय. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून साइनच्या कंसात 2π गुणिले वेळ भागिले 12.42. रेडियन मोडमध्ये तिसऱ्या तासाला 0.99च्या पुढे उत्तर येतं, म्हणजे भरती जवळजवळ पुरी. डिग्री मोड राहिला असेल तर तिथंच 0.03च्या आत काहीतरी दिसेल आणि चोवीस तास पाणी गोगलगायीसारखं चढतच राहील, ओहोटी नाहीच! प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत मोड ठरवून टाका, रोज बघायला नको.

याच गणितात दुसरा खड्डा आहे. 12 तास 25 मिनिटं म्हणजे 12.25 नव्हे, 25 भागिले 60 करून 12.42. तसं टाकलंत तर पहिल्या दिवशी काही कळणारही नाही, पण पाचेक दिवसांत भरतीची वेळ दीड तासाहून जास्त सरकलेली असेल. किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोराला ही चूक डोळ्यांनी पकडता येते. वहीत मात्र ती खपून जाते.

कंसांची गोष्ट जास्त फसवी. बारावीतलं कपॅसिटरच्या रिॲक्टन्सचं, म्हणजे एसी प्रवाहाला तो करत असलेल्या विरोधाचं सूत्र घ्या: एक भागिले 2πएफसी (एफ वारंवारता, सी धारिता). 50 हर्ट्झ आणि 100 मायक्रोफॅरडला उत्तर 31.8 ओहम यायला हवं. टीआय-84 वर छेदाला कंस दिला नाही तर यंत्र आधी एकाला दोनने भागतं, मग उरलेल्या सगळ्यानं गुणतं, आणि 0.00785 हाती येतं. कॅसिओच्या एफएक्स-991 ईएस प्लसवर गुणाकाराचं चिन्ह न देता हेच लिहिलं तर उत्तर बरोबर येतं, म्हणून तिथून आलेल्यांना ही चूक हमखास होते. छेदात दोन गोष्टी असल्या की कंस द्यायचाच.

मायनसची बटणं दोन आहेत. वजाबाकीचं वेगळं, ऋण संख्येचं वेगळं. दुसरं खाली एन्टरशेजारी. भिंगाच्या गणितात वस्तूचं अंतर ऋण 30 टाकताना वजाबाकीचं बटण दाबलं की सिंटॅक्स एरर. प्रोग्रॅम बिचारा ठीक असतो.

आता अक्षरं. या यंत्रावर चलांसाठी मोठीच अक्षरं मिळतात आणि ती सगळ्या प्रोग्रॅममध्ये सामाईक असतात. लंबकाच्या प्रोग्रॅमनं जी मध्ये 9.8 ठेवलं आणि गुरुत्वाकर्षणाच्या प्रोग्रॅमनं त्याच जी मध्ये विश्वगुरुत्वाचा स्थिरांक, की पुढच्या वेळी लंबकाचं काय होईल ते सांगायला नको. प्रत्येक प्रोग्रॅमनं आपले स्थिरांक सुरुवातीला स्वतः भरावेत.

नवा प्रोग्रॅम झाला की आधी माहीत असलेलं गणित घाला. 1 मीटर लंबकाचा आवर्तकाल 2 सेकंदांच्या आसपास असतो. 20 आले तर लांबी सेंटिमीटरमध्ये गेलीय.

कामाचे प्रोग्रॅम अर्काइव्हमध्ये, म्हणजे यंत्राच्या कायमच्या साठवणीत टाका, नुसती रॅम (चालू कामाची मेमरी) पुसली गेली तरी तिथले टिकतात. आणि हे सगळं गृहपाठ ताडण्यापुरतं ठेवा: बारावी बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. जेईई मेन आणि नीटलाही तो आत नेता येत नाही.