सापळ्यांना मेण लावताना या चुका टाळा

अमेरिका-कॅनडात फरसाठी कोल्हे, कायोटी, रॅकून धरणारे ट्रॅपर हंगामाआधी आपले लोखंडी सापळे उकळतात, रंगवतात आणि शेवटी मेणात बुडवतात. मेणाने गंज लागत नाही आणि जबडे झटकन मिटतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातल्या प्राण्यासाठी सापळा लावणं म्हणजे शिकारच, तेव्हा इथे हे प्रयोग नकोत.) वाद नेहमी कोणतं मेण चांगलं यावर होतो. काम बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा लोखंड तेलकट, ओलं किंवा थंड राहिल्यामुळे.

नुसतं पॅराफिन स्वस्त, पण थंडीत ठिसूळ होतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. थोडं मधमाशीचं मेण मिसळलं की चिवटपणा येतो. उरलेल्या सुगंधी मेणबत्त्या वितळवणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. कोल्ह्याच्या नाकाला तो वास लगेच कळतो.

नव्या सापळ्यावर कारखान्यातलं तेल असतं. ते न काढता रंगवलं तर रंग धरत नाही, मेणही सुटतं. धुण्याचा सोडा घालून उकळा, स्वच्छ धुवा, पातळ गंज चढू द्या (त्यावरच रंग धरतो), मग लॉगवुडच्या, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या लाकडापासून केलेल्या, रंगात उकळा.

मेण पांढरं, जाड बसलं? सापळा थंड होता. परत बुडवा आणि लोखंड मेणाइतकंच तापेपर्यंत आत राहू द्या. काढल्यावर जादा मेण आपोआप ओघळतं आणि पातळ थर उरतो. घाई करणाऱ्यांचे सापळे लगेच ओळखू येतात.

नुसत्या वितळलेल्या मेणात ओला सापळा कधीच सोडू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि मेण उसळून बाहेर येतं, खाली जाळ असेल तर पेटतंच. पॅराफिनची वाफ साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास पेट घेऊ शकते, म्हणून थर्मामीटर ठेवा आणि शंभरच्या थोडंच वर थांबा. हे काम घरात नको, अंगणात करा. घट्ट बसणारं झाकण हाताशी हवं. पेटलं तर झाकण टाका, आच बंद करा. पाणी ओतलंत तर भडका उडेल.

मेण लावल्यावर सापळा हात लागताच मिटत असेल, तर खटक्याच्या खाचेत मेण साचलंय. तेवढं सुरीने खरवडा.

कॉनिबेअर प्रकारचे, अंगाला आवळणारे सापळे मात्र मेणात घालूच नका. खटका इतका निसरडा होतो की मांडणाऱ्याचाच हात सापडतो. त्यांना पातळ रंगात बुडवून वाळवलं तरी पुरतं.