छापलेली तारीख आणि तिच्या आधीच्या तारखा

समर स्कूल असो, कार्यशाळा असो, परिषदेतलं पोस्टर असो की प्रवासाचं अनुदान, जाहिरातीत ठळक अक्षरांत एकच तारीख असते. अर्ज मात्र फसतो तिच्या तीन-चार आठवडे आधीच. परीक्षा विभागाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, आलेली नसते, गाइड प्रवासात असतात आणि शिफारसपत्राची लिंक कुणाच्या तरी स्पॅममध्ये पडलेली असते. त्यामुळे जाहिरात हाती आली की आधी उलटं मोजायला बसायचं आणि मग फॉर्म उघडायचा.

जाहिरात शेवटपर्यंत वाचा, खालच्या प्रश्नोत्तरांसकट. पात्रतेची ओळ सगळ्यात आधी. वय किंवा वर्षं नेमकी कुठल्या दिवशी मोजतात ते बघा, कारण बहुतेक ठिकाणी तो दिवस रुजू होण्याचा नसून अर्जाच्या शेवटच्या तारखेचा असतो. युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपमध्ये, ज्या देशात जायचं आहे तिथे त्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार बाद होतो. हे प्रस्ताव लिहून झाल्यावर कळलं तर सगळी मेहनत वाया. दुसरं, अर्ज आपण स्वतः करायचा आहे की संस्थेनं नाव पाठवायचं आहे? जर्मनीतल्या लिंडाऊच्या नोबेल विजेत्यांच्या बैठकीला ३५ वर्षांपर्यंतचे तरुण संशोधक जातात, पण त्यांची नावं मुख्यतः भागीदार संस्था सुचवतात. बैठक उन्हाळ्यात असली तरी विद्यापीठातली अंतर्गत निवड त्याच्या कितीतरी महिने आधी उरकलेली असते. अशा संधींची तारीख आपल्याच संशोधन कार्यालयाच्या सूचनेत असते, आयोजकांच्या पानावर नव्हे. तिसरं, एकाच पानावर दोन तारखा आहेत का? इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपीत, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या केंद्रात, काही कार्यक्रमांना व्हिसा किंवा आर्थिक मदत लागणाऱ्यांसाठी वेगळी, आधीची तारीख असते. आपण त्या गटात मोडत असलो तर ठळक छापलेली तारीख आपली नाहीच.

तारखेबरोबर वेळही टिपून ठेवा, कुठल्या घड्याळाची ते धरून. 'एनीव्हेअर ऑन अर्थ' किंवा 'एओई' म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १२ तास मागे. २३:५९ एओई म्हणजे दुसऱ्या दिवशीचे ११:५९ यूटीसी. ही सवलत संगणकशास्त्राच्या परिषदांत सर्रास मिळते, पण ती सगळीकडे आहे असं गृहीत धरू नका. युरोपीय आयोगाच्या बऱ्याच योजना ब्रुसेल्सच्या घड्याळानं संध्याकाळी ५ ला बंद होतात. वर मार्चमधला घोळ वेगळाच: अमेरिका घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत पाठ केलेला फरक एका तासानं चुकतो. घड्याळाचा उल्लेखच नसेल तर आयोजकांची स्थानिक वेळ धरा, आणि आपली अंतिम वेळ त्याच्या ४८ तास आधीची ठेवा. शेवटच्या दोन-तीन तासांत पोर्टल रडतं, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे.

शिफारसपत्र हा अर्जातला सगळ्यात नाजूक भाग, कारण ते आपल्या हातात नाही. किमान चार आठवडे आधी विचारा आणि विचारताना नुसतं 'द्याल का' न म्हणता 'माझ्या कामाबद्दल सविस्तर लिहिता येईल का' असं विचारा. ज्यांनी आपल्याला फक्त वर्गात पाहिलंय, त्यांचं पत्र दोन परिच्छेदांत संपतं आणि निवड समितीला ते लगेच कळतं. होकार आला की त्याच मेलच्या उत्तरात सगळं एकत्र पाठवा: जाहिरातीची लिंक, सीव्ही, ॲबस्ट्रॅक्टचा (कामाच्या सारांशाचा) मसुदा, तारीख आणि वेळ, पत्र कुठे आणि कसं भरायचं, आणि पाच-सहा ओळींत आपण त्यांच्याबरोबर नेमकं काय केलं ते. उदाहरणार्थ, 'तिसऱ्या सत्रात मी उपकरणाचं कॅलिब्रेशन नव्यानं लिहिलं, त्यानं मोजमापातली चूक निम्म्यावर आली.' अशी एखादी ओळ जशीच्या तशी पत्रात उतरते.

आता पोर्टलचा स्वभाव ओळखा. काही पोर्टल शिफारसकर्त्याचं नाव भरताक्षणी त्यांना लिंक पाठवतात, काही मात्र आपण अर्ज 'सबमिट' केल्याशिवाय पाठवत नाहीत. दुसऱ्या प्रकारात आपण शेवटच्या रात्री अकराला अर्ज भरला तर सरांना पत्र चढवायला एक तास उरतो. म्हणून खातं पहिल्याच दिवशी उघडून हे तपासा. संस्थेचाच ईमेल द्या, कारण फुकटच्या मेलवरून आलेली पत्रं काही ठिकाणी चालत नाहीत. लिंक गेल्यावर त्यांना वेगळा निरोप द्या: 'अमुक पत्त्यावरून मेल आला असेल, स्पॅममध्येही बघाल का?' एक आठवडा आधी आणि दोन दिवस आधी आठवण करणं हा उद्धटपणा नाही, उलट बहुतेकांना ते हवंच असतं. दोन पत्रं लागत असतील तर तिसऱ्या व्यक्तीला आधीच सांगून ठेवा.

कागदपत्रांचा एक फोल्डर कायमचा तयार असावा. ट्रान्सक्रिप्ट, पदवी, बोनाफाइड, पासपोर्टचं पहिलं पान, सीव्ही, प्रकाशनांची यादी, फोटो. परीक्षा विभागाकडून शिक्क्याची ट्रान्सक्रिप्ट मिळायला आठवडे लागू शकतात, तेव्हा गरज पडण्याआधीच दोन-तीन प्रती काढून ठेवा. पासपोर्टवरचं नाव, पदवीवरचं नाव आणि शोधनिबंधावरचं नाव जुळवून बघा. फरक असेल तर पासपोर्टवरचं नाव सगळ्या फॉर्मवर वापरा आणि उरलेल्यासाठी एका ओळीचं स्पष्टीकरण ठेवा. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षंच ग्राह्य धरतात. ते अर्जाच्या दिवशी जिवंत असले तरी प्रवेशाच्या दिवशी संपलेले असू शकतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, नसेल तर काढून घ्या. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे. तो १६ अंकी असतो आणि शेवटी कधीकधी एक्स हे अक्षर येतं, ती चूक समजून खोडू नका.

स्कॅन करताना फोनच्या फोटोंची पीडीएफ सहज १०-१२ एमबीची होते आणि पोर्टलची मर्यादा बऱ्याचदा २ एमबी असते. करड्या रंगात २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) पुरेसं आहे. आकार कमी केल्यावर फाइल उघडून गुण वाचता येतात का ते बघा. फाइलच्या नावात आडनाव आणि कागदाचं नाव असू द्या, 'फायनल-२-नवीन' नको.

ॲबस्ट्रॅक्टवर मात्र हात सैल सोडून वेळ द्या. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, आणि अक्षरांत मोकळ्या जागा धरल्यात का, हे बघा. इंग्रजीत २००० अक्षरं म्हणजे साधारण ३०० शब्द. पोर्टलवरच्या काही चौकटी जास्तीचा मजकूर न सांगता कापतात, आणि ग्रीक अक्षरं, वरचे-खालचे अंक पेस्ट केल्यावर चौकोन होऊन बसतात. म्हणून पेस्ट केल्यावर 'प्रीव्ह्यू' वाचायचाच. २५० शब्दांत पार्श्वभूमीला दोन वाक्यं बास. एका वाक्यात प्रश्न, दोन-तीनमध्ये पद्धत, आणि उरलेली जागा निष्कर्षांना, त्यात निदान एक आकडा. 'निष्कर्षांची चर्चा केली जाईल' असं लिहिलं की समिती समजते, निष्कर्ष अजून नाहीत. काम खरंच अपुरं असेल तर 'आतापर्यंत अमुक इतक्या नमुन्यांवर असं दिसतं' हे सरळ लिहिलेलं जास्त चालतं. पाठवण्याआधी सर्व सहलेखकांची मेलवर संमती घ्या, आणि हेच काम दुसरीकडे विचाराधीन असेल तर नियम वाचा.

कार्यशाळेच्या हेतुपत्रात लोक स्वतःच्या लहानपणापासूनच्या कुतूहलाबद्दल लिहितात. ते पहिल्यांदा खोडा. समितीला दोनच गोष्टी कळायला हव्यात: इथे शिकलेलं तुम्ही कशाला लावणार, आणि ते दुसरीकडे का शिकता येत नाही. कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन सत्रांची नावं घ्या, हातातला डेटा किंवा अडलेला टप्पा सांगा, परत आल्यावर तीन महिन्यांत काय करणार ते लिहा. एक पान पुरतं. आणि जुनं पत्र वापरत असाल तर मागच्या संस्थेचं नाव शोधून काढा. दुसऱ्याच समर स्कूलचे आभार मानणारी पत्रं दरवर्षी येतात.

पोस्टर मिळालं तर बोर्डाचा आकार आणि उभं-आडवं आधी विचारा. ए० म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. बरेच जण ए४ वर मांडणी करून छपाईला मोठं करतात. तसं चालतं, पण लांबी-रुंदी चौपट होते, म्हणजे ए४ वर ३०० डीपीआयचा फोटो ए० वर ७५ चा उरतो आणि धूसर दिसतो. आलेख चित्र म्हणून न चिकटवता व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या) पीडीएफमधून घ्या.

पैशाच्या बाबतीत दोन प्रश्न आधीच विचारा: अनुदान आगाऊ मिळतं की खर्चानंतर, आणि तिकीट कोण काढतं? खर्चानंतर असेल तर तितके पैसे काही महिने अडकणार, हे धरून चाला. बिलं आपल्याच नावाची हवीत आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. प्रवास अनुदानाचा अर्ज बहुधा नोंदणीपासून वेगळा असतो आणि त्याची तारीख 'अर्ली बर्ड'च्याही (लवकर नोंदणीच्या सवलतीच्याही) आधी येऊ शकते. पेपर स्वीकारला गेला तरी एकाही लेखकानं वेळेत नोंदणी केली नाही तर तो कार्यक्रमातून वगळतात.

निवडीचा मेल आला त्याच दिवशी निमंत्रणपत्र मागा. त्यात पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि खर्च कोण करणार हे असायला हवं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. खरा वेळ खाते ती अपॉइंटमेंट. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. परिषदेनंतर शेजारच्या देशात फिरायचा बेत असेल तर जिथे मुख्य मुक्काम आहे त्या देशाकडेच अर्ज करा.

तारीफ करणारा, 'आपल्या मौल्यवान संशोधनासाठी' असं म्हणत आलेला आणि दोन दिवसांत स्वीकृती देऊन शुल्क मागणारा मेल वरच्या कुठल्याच खऱ्या संधीत बसत नाही. समितीतली नावं त्यांच्या स्वतःच्या पानावर सापडतात का बघा. नसतील तर तो विषय तिथेच सोडा.

'सबमिट' दाबल्यावर पोचपावतीचा मेल आला का बघा, भरलेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून घ्या आणि अर्ज क्रमांक फोल्डरमध्ये ठेवा. मुलाखतीत नेमकं तुम्ही काय लिहिलंत हे त्यांच्यासमोर असतं. निवड झाली तर होकार कळवायला काही ठिकाणी आठवडाभरच मिळतो, त्या काळात रोज मेल उघडा. जाणं जमणार नसेल तर लगेच नकार कळवा, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी व्हिसाला पुरेल इतका वेळ मिळेल. आणि जाऊन आल्यावर खर्चाच्या दाव्यालाही शेवटची तारीख असते. ती निमंत्रणाच्या पहिल्या मेलमध्येच कुठेतरी लिहिलेली सापडेल.