सोफ्यावरची रिकामी भिंत: चित्रं जमवताना या चुका टाळा

आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर सात फुटांची भिंत रिकामी होती. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे आणि वर बघून म्हणायचे, "इथे काहीतरी लावा की!" या 'काहीतरी'पायी मी पहिलं चित्र घेतलं. बनारसचा घाट, नाइफने थापलेला जाड रंग, केशरी आकाश. पडद्यांना अगदी शोभून दिसणारं. अठरा हजार रुपये मोजले. दीडेक वर्षाने लक्षात आलं की आपण या चित्राकडे बघतच नाही. चित्रात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण बनारसशी माझं देणंघेणं नव्हतं, आणि केशरी रंग मला लहानपणापासून आवडत नाही, हे पैसे देताना मी साफ विसरलो होतो.

त्याला पंधरा वर्षं झाली. आजवर घरात बावीस चित्रं आणि वस्तू आल्या, त्यांतल्या सात घ्यायला नको होत्या. पुढच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

भिंत मोजून निघू नका

सहा बाय तीनचं, सोफ्याला जुळणारं चित्र शोधायला निघालात की ती पडद्याच्या कापडाची खरेदी होते. उधळलेल्या सात घोड्यांचंही तेच. वास्तूसाठी लावायचे तर खुशाल लावा, पण त्यावरून स्वतःची आवड ओळखायला जाऊ नका.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत काही विषय हमखास भेटतात: पांढऱ्या फेट्यातले वारकरी, वाड्याचा दिंडीदरवाजा, अमूर्त गणपती आणि अर्थातच बनारस. यांत उत्तम चित्रंही असतात. गोची अशी की ओळखीचा विषय दिसला की मन लगेच हो म्हणतं, आणि आपल्याला वाटतं चित्रच आवडलं. अशा वेळी फोनवर फोटो काढावा (आधी विचारून) आणि तो उलटा करून बघावा. वारकरी डोक्यावर उभे राहिले की विषयाची भूल उतरते आणि रंग, रेघ, मोकळी जागा दिसू लागते. तेव्हाही नजर रेंगाळली तर पुढे विचार करावा.

भिंत तोवर रिकामीच राहू द्यावी. घाट उतरवल्यावर आमची तीन वर्षं राहिली. पाहुण्यांना सवय झाली.

कानाने खरेदी

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्या आठवड्यात मला तिघांनी विचारलं, "आत्ता कोणाचं घेऊन ठेवू?" या बातमीतला मला भावलेला भाग निराळा होता. जवळजवळ चौदा फूट लांबीचं ते चित्र १९५४ साली, म्हणजे काढलं त्याच वर्षी, दिल्लीत कामासाठी आलेल्या एका डॉक्टरांनी घेतलं, नॉर्वेला नेलं, आणि पुढे कित्येक दशकं ते ऑस्लोच्या रुग्णालयात होतं. त्याच वर्षी इतर चित्रकारांचीही चित्रं लोकांनी घेतली असतील. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणी काढत नाही, आणि ती चित्रं विकायला काढली तर फ्रेमचे पैसे सुटले तरी नशीब म्हणायचं. बातमी नेहमी एकाच चित्राची येते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी होमी भाभांनी हुसेन, गायतोंडे, आरा, हेब्बर यांची चित्रं घेतली, ती या मंडळींना आजचा भाव येण्याच्या कितीतरी आधी. भाभा स्वतः चित्रं काढायचे, त्यांचा डोळा तयार होता. आपला डोळा तयार होईपर्यंत खिशातून जाणारी रक्कम अशी असावी की उद्या चित्राची किंमत शून्य झाली तरी झोप उडणार नाही.

मोठ्या नावाचं चित्र कोणी 'ओळखीतून' स्वस्तात देत असेल तर चहा पिऊन परत यावं. चित्र आधी कोणाकोणाकडे होतं याची कागदपत्रं नसतील तर नुसत्या सहीला काही अर्थ नाही.

भीड

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून सुरू आहे. आत जायला तिकीट नाही, आणि दालनं आठवड्याच्या बोलीने भाड्याने दिली जात असल्यामुळे बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच तिथे उभा असतो. आठवड्याचा खर्च त्याच्या डोक्यावर असतो. तो समजावून सांगतो, पाणी विचारतो, आणि पंधरा मिनिटांनी रिकाम्या हाताने बाहेर पडणं आपल्या जिवावर येतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. माझ्या सात चुकांपैकी दोन या भिडेच्या.

यावर मी एक वाक्य पाठ करून ठेवलंय: "छान वाटलं, शनिवारी परत येतो." आणि खरोखर आवडलं असेल तर शनिवारी जातो. मधल्या चार दिवसांत चित्र आठवलंच नाही, तर निकाल आपोआप लागतो. तोवर चित्राशेजारी लाल टिकली लागली, म्हणजे दुसऱ्या कोणी घेतलं, तर हळहळ वाटते खरी. ती हळहळ वहीत लिहून ठेवावी, पुढे कामाला येते.

उलट्या प्रकारची भीडही असते. कुलाब्यातल्या काचेच्या दाराच्या खासगी गॅलऱ्यांत शिरायचं धाडस मला चाळिशीपर्यंत झालं नव्हतं. आत कोणी काही विचारत नाही. किंमत बिनधास्त विचारावी. छापील दरपत्रक बहुधा टेबलावर असतंच.

एकदाच बघून ठरवणं

सगळ्यात महाग चूक ही, आणि तिची दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे.

आवड ही आत कुठेतरी तयार बसलेली असते आणि योग्य चित्र दिसताच टाळी वाजवते, असं मी समजत होतो. माझा अनुभव वेगळा निघाला. आपण कशाकडे परत जातो याची नोंद ठेवली तर वर्षभराने त्या नोंदीत आवड दिसायला लागते. त्याआधी विचाराल तर माणूस भलतंच सांगतो. मी सांगायचो, "मला रंग आवडतात."

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर, समोरच्या सर कावसजी जहांगीर हॉलमधली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे सगळं पाच-सात मिनिटं चालण्याच्या टापूत आहे. वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या गोष्टी आहेत. तिथे वस्तूंइतकंच जमवणाऱ्याच्या निवडीकडे बघावं. महिन्यातून एक शनिवार मी या टापूला देऊ लागलो. नियम दोनच. प्रत्येक दालनातून घरी न्यावंसं वाटेल असं एकच चित्र निवडायचं आणि त्याच्यापुढे पंधरा मिनिटं थांबायचं. मग वहीत दहा शब्दांत लिहायचं, का. 'सुंदर', 'अप्रतिम', 'छान' हे शब्द बाद. सुरुवातीला पाच मिनिटांतच पाय दुखायला लागतात आणि डोक्यात रात्रीच्या भाजीचा विचार येतो. येऊ द्यावा. आठव्या-नवव्या मिनिटाला बहुतेक चित्रं संपतात. काही मात्र तेव्हा कुठे सुरू होतात.

जे मुळीच आवडलं नाही तेही लिहावं. नुसतं 'कळलं नाही' असं नको; नेमकं काय खुपलं ते लिहावं. मी एका अमूर्त चित्राबद्दल लिहिलं होतं, 'रिकामं, चित्रकाराने कंटाळून सोडलंय.' चार महिन्यांनी त्याच चित्रापुढे लिहिलं, 'रिकामं, बसायला जागा आहे.' चित्र तेच होतं, आणि 'रिकामं' हा शब्दही तोच!

वर्षाअखेर वही काढून बसलो. चाळीसएक नोंदी होत्या. रंगाचा उल्लेख जेमतेम सहा ठिकाणी. बाकी सगळीकडे रेघ, कोरलेलं, काळं-पांढरं, कागद, मोकळी जागा. मोठी चित्रंही फारशी नव्हती. हातात धरून बघता येईल अशीच जास्त. केशरी आकाशाचा सहा फुटी घाट माझ्या घरात कसा आला, हे ती वही वाचून कोणालाच पटलं नसतं.

पुण्या-साताऱ्याकडच्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जरूर जावं. तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची तैलचित्रं आहेत आणि चक्क इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं शिल्पही आहे. एका संस्थानिकाने कोणाची समजूत घालायची नसताना काय काय गोळा केलं, ते तिथे कळतं.

चित्र म्हणजे कॅनव्हासच, हा समज

वहीने दाखवलेल्या वाटेने मी मुद्राचित्रणाकडे, म्हणजे लाकूड, लिनो किंवा तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर कोरून हाताने छापलेल्या चित्रांकडे वळलो. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत ही कामं दोन-पाच हजारांतही मिळून जातात. खाली पेन्सिलने ७/२५ असं लिहिलेलं असतं: पंचवीस प्रतींतली ही सातवी. ही छापील नक्कल नसते, प्रत्येक प्रत चित्रकाराचं मूळ कामच असते. याउलट एखाद्या प्रसिद्ध तैलचित्राचा कॅनव्हासवर यंत्राने काढलेला प्रिंट 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकतात, तो कितीही देखणा असला तरी नक्कलच. दोन्हींची किंमत सारखी सांगत असतील तर गोंधळ कुठे आहे ते समजून घ्या.

घरोघरी आजोबांच्या काळातलं 'रविवर्म्याचं ओरिजिनल' असतं. ते बहुतेक वेळा रविवर्म्यांच्या छापखान्यातलं, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या प्रेसमधलं ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत शिळाछाप चित्र असतं. नाहीतर त्याचीही नंतरची नक्कल. भिंग लावून बघा. जुन्या शिळाछापात वेडेवाकडे, हाताने दिलेले ठिपके दिसतात. ऑफसेटच्या, म्हणजे नंतरच्या यंत्रछपाईच्या नकलेत ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. शंभर वर्षांहून जुनं मूळ चित्र असेल तर ते १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि रविवर्म्यांची चित्रं कलानिधी म्हणून घोषित आहेत. अशी चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा परदेशातल्या लेकीला आंदण म्हणून पाठवण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

'मला वारली आवडते' हीदेखील अर्धवट आवड. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात काढायचं चौकोनी चित्र, बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती रेघ कागदा-कापडावर आणली आणि तिला स्वतःचं वळण दिलं. दोन चित्रकारांची तारपा नाचाची (गोल धरून नाचणाऱ्यांची) चित्रं शेजारी ठेवून बघा. एकाच्यात वर्तुळ फिरतं, दुसऱ्याच्यात माणसं नुसती उभी असतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीबाबतही, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायच्या चित्रांबाबतही असंच, कोणाचा हात आहे ते बघावं.

आणि आवड चित्राकडेच जाईल असंही नाही. पुण्याचे दिनकर केळकर, व्यवसाय चष्म्यांचा, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. त्यांनी जमवले अडकित्ते, दिवे, कुलपं, दरवाजे. त्यांच्या संग्रहालयात अडकित्त्यांपुढे उभं राहिलं की हा माणूस कशाने वेडा झाला होता ते दिसतं.

फोनच्या पडद्यावर भुलणं

पडद्याच्या मागून उजेड येतो, म्हणून तिथे सगळेच रंग झळकतात, आणि पोस्टकार्डाएवढं चित्र अन् दार झाकेल एवढं चित्र दोन्ही तळहाताएवढीच दिसतात. माप वाचून वर्तमानपत्राची पानं त्या मापात भिंतीवर चिकटवा आणि आठवडाभर राहू द्या. आणखी एक गोष्ट: तुम्ही ज्यावर थांबता तसंच फोन पुढे दाखवत राहतो. महिनाभरात वाटतं, आपली आवड पक्की झाली.

घरी आणलं आणि रया गेली

चित्राला दोष देण्याआधी दिवा बघा. गॅलरीत पिवळसर उजेडाचा झोत चित्रावर असतो. आपल्याकडे छताला पांढरीफटक एलईडी, त्यात तांबडे-तपकिरी रंग मरतात. उबदार रंगाचा एक दिवा चित्राकडे वळवून आठवडाभर बघा. मग उंची. आपल्याकडे चित्र देवाच्या तसबिरीसारखं छताजवळ टांगतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला की ते डोळ्यांसमोर येतं. त्यानंतर फ्रेम: सोनेरी नक्षीची चौकट नाजूक रेघेला गिळून टाकते.

कागदावरचं काम फ्रेमवाल्याने गोंदाने बोर्डावर डकवू नये हे आधीच बजावा, एकदा डकवलं की सुटत नाही. अ‍ॅसिड-फ्री माउंट (कागद खराब न करणारा चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागा आणि काच कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काहीही लावू नये. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे हवा खेळती राहते.

घेऊन बसलेल्या चुकांचं काय

लगेच विकायला जाऊ नका, अपमान होतो. भिंतीवरून उतरवून सहा महिने कपाटामागे ठेवा, सुती चादरीत गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये नको. माझ्या सातांतलं एक असं बाहेर काढल्यावर चक्क आवडलं, तेव्हा चुका सहाच म्हणायला हव्यात. दोन देऊन टाकली.

बनारसचा घाट भाच्याने नेला. त्याची इंजिनिअरिंगची चार वर्षं तिकडेच गेलेली. त्याने गुंडाळी उलगडली, क्षणभर बघितलं आणि घाटाचं नाव सांगितलं, शिवाय चहाची टपरी चित्रकाराने चुकीच्या बाजूला काढली आहे हेही. तो कुठला घाट आहे हे दीड वर्षात मला विचारावंसंही वाटलं नव्हतं.