परदेशी जिन्नस घेताना बरणीची मागची बाजू वाचा

दुकानात परदेशी पदार्थांच्या फळीसमोर गोंधळायला झालं, तर एका वेळी एकच बरणी उचला आणि समोरचं चित्र सोडून मागची घटकांची यादी वाचा. बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून ताहिनीच्या, म्हणजे तिळाच्या पेस्टच्या, यादीत तीळ पहिले हवेत. वर तेल तरंगत असलं तरी ती खराब नसते, ढवळून घ्या.

पहिली खरेदी म्हणून मी जपानी मिसोच सुचवेन. आंबवलेल्या सोयाबीनची ही खारट पेस्ट फ्रिजमध्ये कित्येक महिने टिकते आणि चमचाभर घातली तरी साध्या सुपाची चव खुलते. मात्र गॅस बंद केल्यावरच घाला. उकळली की सुगंध उडतो. ग्लुटेन (गहू, बार्लीतलं प्रथिन) चालत नसेल तर यादी पुन्हा पाहा, काही मिसोंमध्ये बार्ली असते.