एकच वेबसाइट, दोन संगणक: दोघांनी मिळून संपादन कसे करावे

एका वेबसाइटची देखभाल दोघांकडे असली, की काम वाटले जाते आणि वेगही वाढतो. पण पद्धत ठरलेली नसेल तर एकाने केलेले काम दुसऱ्याच्या हातून नकळत पुसले जाते. समजा, एकाने सकाळी संपर्काच्या पानावरचा फोन नंबर दुरुस्त करून ती फाइल सर्व्हरवर चढवली. दुसऱ्याच्या संगणकावर त्याच पानाची जुनी प्रत होती. त्याने दुपारी तिच्यात एक फोटो घातला आणि ती प्रत चढवली. फोटो दिसू लागला, पण फोन नंबर पुन्हा जुनाच झाला. फाइली सर्व्हरवर चढवण्याच्या एफटीपी या पद्धतीला फाइलच्या आत काय आहे हे कळत नाही. त्याच नावाची फाइल आली की आधीची जाते. फाइलझिलासारखा एफटीपीने फाइली चढवणारा प्रोग्रॅम ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?’ असे विचारतो खरा, परंतु प्रत्येक वेळी तोच प्रश्न समोर येत असल्यामुळे माणूस न वाचताच होकार देतो.

यावरचा उपाय कोणत्याही साधनाच्या आधी एका निर्णयात आहे. दोघांपैकी कोणाच्याही संगणकावरची प्रत मूळ मानायची नाही. मूळ प्रत एकाच सामाईक ठिकाणी राहील, काम सुरू करताना तिथून ताजे बदल घ्यायचे आणि उठण्यापूर्वी आपले बदल तिथे जमा करायचे, हे दोघांनी मान्य केले पाहिजे.

वेबसाइट वर्डप्रेससारख्या प्रणालीवर असेल तर हे काम बरेचसे आपोआप होते, कारण मजकूर सर्व्हरवरच असतो आणि दोघेही ब्राउझरमधून त्याच प्रतीवर काम करतात. तिथे पहिली गोष्ट म्हणजे दोघांची खाती वेगळी असावीत. एकच पासवर्ड दोघांनी वापरला, तर कोणता बदल कोणी केला हे नंतर शोधता येत नाही. रोजच्या मजकुरासाठी ‘संपादक’ ही भूमिका पुरते. प्रशासकाचे अधिकार लागतील तेवढ्यापुरतेच वापरावेत. एकाने एखादा लेख संपादनासाठी उघडला असेल, तर दुसऱ्याला तशी सूचना दिसते आणि ‘ताबा घ्या’ असा पर्यायही मिळतो. सहकाऱ्याला विचारल्याशिवाय तो पर्याय निवडू नये. मजकूर चुकून बदललाच, तर ‘रिव्हिजन्स’मध्ये जाऊन आधीची आवृत्ती परत आणता येते, मात्र थीमच्या, म्हणजे वेबसाइटचे रूप ठरवणाऱ्या, फाइलींना ही सोय नाही, त्यामुळे त्या फाइली पुढे सांगितलेल्या पद्धतीनेच हाताळाव्यात.

एचटीएमएल, सीएसएस आणि प्रोग्रॅमच्या फाइलींनी बनलेल्या वेबसाइटसाठी गिट हे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते तयार केले. असंख्य लोकांनी एकाच वेळी बदलायच्या फाइलींसाठी बनवलेले हे साधन दोघांच्या कामाला जड पडेल, अशी शंका अनेकांना येते. प्रत्यक्षात रोज लागतात त्या आज्ञा मोजक्याच आहेत.

सुरुवात एकानेच करावी. गिटहब, गिटलॅब किंवा बिटबकेट या संकेतस्थळांपैकी एका ठिकाणी खासगी रिपॉझिटरी, म्हणजे फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवण्याची सामाईक जागा, उघडावी आणि तिच्यात सध्या लोकांना दिसत असलेली वेबसाइट सर्व्हरवरून उतरवून ठेवावी. आपल्या संगणकावरचे फोल्डर तसेच उचलून ठेवू नये, कारण ते सर्व्हरच्या मागे असण्याची शक्यता असते. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल रिपॉझिटरीत जाता कामा नये. तिचे नाव पहिल्या कमिटच्या (बदलांची नोंद करण्याच्या) आधीच गिटइग्नोअरच्या, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या, यादीत लिहावे. एकदा आत गेलेला पासवर्ड नंतर फाइल पुसली तरी इतिहासात शिल्लक राहतो. यानंतर दुसऱ्याने क्लोन करून आपल्या संगणकावर संपूर्ण प्रत घ्यावी, आणि दोघांनीही गिटमध्ये आपापले नाव व ईमेल नोंदवावे.

रोजचा क्रम असा ठेवावा: बसल्याबरोबर पुल करावे (सामाईक प्रतीतले ताजे बदल घ्यावेत), मग बदल करावेत, काय काय बदलले ते डिफमध्ये पाहावे, थोडक्यात पण नेमके कारण लिहून कमिट करावे आणि पुश करावे (ते बदल सामाईक प्रतीत पाठवावेत). ‘संपर्क पानावरील फोन नंबर दुरुस्त केला’ असा संदेश महिन्यांनंतरही उपयोगी पडतो, ‘बदल केले’ हा पडत नाही. मधल्या वेळात सहकाऱ्याने काही जमा केले असेल, तर गिट तुमचे पुश नाकारते. एफटीपी जो इशारा देत नाही तो नेमका हाच आहे. अशा वेळी पुन्हा पुल करून मग पुश करावे. जबरदस्तीने पुश करण्याचा पर्याय कधीही वापरू नये, कारण त्याने सहकाऱ्याचे काम सामाईक प्रतीतून निघून जाते.

दोघांनी एकाच फाइलीच्या वेगवेगळ्या भागांत बदल केले असतील, तर गिट बहुधा ते स्वतःच जोडते. एकाच ओळीत किंवा लगतच्या ओळींत दोघांचा हात लागला असेल तर मात्र ते थांबते (यालाच संघर्ष म्हणतात) आणि फाइलीत अशा खुणा घालते:

<<<<<<< हेड
कार्यालयाची वेळ: सकाळी 10 ते 5
=======
कार्यालयाची वेळ: सकाळी 9 ते 5
>>>>>>>

पुल करताना हे घडले असेल, तर वरचा भाग तुमचा आणि खालचा सहकाऱ्याचा असतो. कोणती वेळ बरोबर आहे हे गिट सांगू शकत नाही, म्हणून इथे सहकाऱ्याला फोन करावा. खरी ओळ ठेवून खुणांच्या तिन्ही ओळी काढाव्यात, फाइल जतन करावी आणि पुन्हा कमिट करावे. एखादी खूण चुकून राहिली तर ती थेट वाचकांना पानावर दिसते, म्हणून कमिटपूर्वी संपूर्ण फाइलीत शोध घ्यावा. फोटो आणि डिझाइनच्या फाइली अशा जोडता येत नाहीत. त्या एका वेळी एकानेच हाताळाव्यात.

विनाकारण होणारे संघर्ष टाळण्यासाठी दोघांच्या एडिटरची मांडणी सारखी असणे फार गरजेचे आहे. एकाचा एडिटर जतन करताना समासाच्या जागा टॅबमध्ये बदलत असेल, तर प्रत्यक्षात एकच शब्द बदललेला असूनही गिटला ढीगभर ओळी बदललेल्या दिसतात आणि सहकाऱ्याच्या प्रत्येक बदलाशी त्या भिडतात. फाइली यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच जतन कराव्यात, नाहीतर देवनागरी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे येऊ शकतात. फाइलींची नावे देताना इंग्रजी अक्षरे लहानच ठेवावीत. विंडोज सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, पण लिनक्स सर्व्हर करतो, आणि एकाच्या संगणकावर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो.

सर्व्हरवर वेबसाइट चढवण्याचा मार्गही एकच असावा, तो म्हणजे सामाईक प्रतीतून. पुश झाल्यावर प्रकाशन आपोआप होईल अशी व्यवस्था करता येते. ते जमत नसेल तर चढवण्याचे काम एकाकडेच द्यावे आणि त्याने दर वेळी आधी पुल करावे. तातडीच्या वेळी कोणी थेट सर्व्हरवर दुरुस्ती केलीच, तर तीच दुरुस्ती लगेच रिपॉझिटरीतही करावी, नाहीतर पुढच्या प्रकाशनात ती पुसली जाईल.

खऱ्या पानांना हात लावण्यापूर्वी एक रंगीत तालीम जरूर करावी. एक चाचणी पान तयार करून दोघांनी मुद्दाम त्याच ओळीत वेगवेगळे बदल करावेत, नाकारलेले पुश स्वतः पाहावे, खुणा काढून संघर्ष सोडवावा आणि भूमिका बदलून तेच पुन्हा करावे. दोघांनाही हे कोणाच्या मदतीशिवाय जमू लागले, की चाचणी पान काढून टाकावे आणि खऱ्या वेबसाइटचे काम सुरू करावे.