अंडपेशीतले ग्रॅन्यूल बघताय? आधी माशीला नीट खायला घाला

फळमाशीच्या अंडपेशीतले आरएनए-प्रथिनांचे ग्रॅन्यूल, म्हणजे बारीक पुंजके, रंगवायचे म्हटलं की पोरं अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूंच्या) मागे लागतात. माशी काय खाते, हे बघायला कुणाला सवड नसते. आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच झालेला असतो.

हे ग्रॅन्यूल एकदा बनले की तसेच राहतात असं नाही; जमतात, विरतात. माशीची उपासमार झाली की अंडी बनणं मंदावतं आणि एरवी बारीक विखुरलेले पुंजके एकत्र येऊन चांगले ठसठशीत होतात. साताऱ्यात एम. एस्सी.च्या एका मुलीने उन्हाळ्यात असेच मोठे ठिपके टिपले. पुण्यात कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळवून, स्लाइडचा डबा मांडीवर धरून एसटीने गेली होती. नवीन काही सापडलं म्हणून मार्गदर्शकांनी पोस्टरही करायला लावलं. मी म्हटलं, बाटल्या दाखव. मका-गुळाचं खाद्य आकसून काचेपासून सुटलेलं, यीस्टचा पत्ता नाही. सलग सुट्ट्यांत बाटल्या कुणी बदलल्याच नव्हत्या. ताज्या खाद्यावर ठेवलेल्या माश्यांत ते ठिपके दिसले नाहीत. मला राग आला तो तिचा नव्हे, पोस्टरची घाई करणाऱ्यांचा.

माझी पद्धत ठरलेली आहे: नर-माद्या एकत्र, ताजी बाटली, वर यीस्टची ओली पेस्ट, 25 अंशांवर दोन दिवस. मगच अंडाशय काढायला चिमटा हातात. एप्रिलमध्ये बाटल्या टेबलावर ठेवू नका. उष्णतेच्या ताणानेही पुंजके बनतात.

दुसरी तक्रार, "सर, ऑस्कर दिसतच नाही." ऑस्कर म्हणजे ध्रुवीय ग्रॅन्यूल (अंड्याच्या मागच्या टोकाचे, पुढे जननपेशी घडवणारे) उभारणारं जनुक आणि त्याचं प्रथिन. बघतोस कुठे? अंडं बनण्याचे 14 टप्पे. ऑस्करचा आरएनए मागच्या टोकाला जमतो नवव्याच्या सुमारास, प्रथिन तिथेच बनतं आणि 'वासा' (Vasa) नावाच्या प्रथिनासारख्या इतर प्रथिनांना गोळा करतं. पाचव्या टप्प्यात ध्रुवीय ग्रॅन्यूल शोधून हाती काय लागणार? जागेला किती महत्त्व आहे बघा: 1992 साली इफ्रुसी आणि लेहमन यांनी ऑस्करचा आरएनए पुढच्या टोकाला पाठवला, तर जननपेशी पुढेही तयार झाल्या. नर्स पेशींच्या (अंडपेशीला पोसणाऱ्या शेजारच्या पेशींच्या) केंद्रकाभोवती 'वासा' प्रथिनाची कड दिसते ती न्यूआज. तिला ध्रुवीय ग्रॅन्यूल म्हणू नका.

अंडाशय बफरमध्ये ठेवून चहाला जाऊ नका, काढले की लगेच फिक्स करा, म्हणजे रसायनाने आहेत तसे स्थिर करा. योल्क (अंड्यातला बलक) स्वतःच चमकतो, म्हणून न रंगवलेली एक स्लाइड सोबत हवीच. नुसत्या दुय्यम अँटिबॉडीचीही (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या, रंग लावलेल्या) हवी. आणि 1,6-हेक्सेनडायॉलने (द्रवासारखे पुंजके विरवायला वापरतात त्या रसायनाने) ठिपका विरला, एवढ्यावरून तो द्रव आहे असं लिहू नका. त्याने पेशीचं इतरही बरंच बिघडतं.