डाळमिल आपली, मालक पण आपणच : सहकारी संस्था कशी काढायची

समाजवाद म्हटला की आमच्या इकडे लोक एकतर मोर्चा समजतात नाहीतर दिल्लीकडे बोट दाखवतात, पण राजेहो, कोणाचं काही न हिसकावता राबणाऱ्यांनीच मालक होणं हा पण त्याचाच रस्ता आहे. तो जातो तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या साहेबाच्या, ऑफिसातून.

समजा यवतमाळकडच्या एखाद्या गावात छोटी डाळमिल टाकायची आहे. मशीन नंतर, आधी माणसं बघा. १९६० च्या सहकार कायद्यानं वेगवेगळ्या घरचे किमान १० जण लागतात, म्हणजे बाप, दोन पोट्टे अन् सुना मिळून संस्था होत नाही. हमाल, मशीनवाला, डाळ निवडणाऱ्या बाया, हिशोब लिहिणारं एखादं बारावी पास पोरगं, हे सगळे त्यात पाहिजे.

खरं काम उपविधीचं, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांचं. छापील नमुन्यावर सह्या ठोकून लोक मोकळे होतात, तसं करू नका. एक सभासद एक मत हे कायद्यातच आहे, शेअर कितीही असो. पण जो राबतो तोच सभासद, आणि सीझनला रोजानं येणाऱ्या बाईलापण दोन सीझननंतर सभासद करायचं, हे तुम्हालाच लिहून घ्यावं लागेल, नाहीतर मजूर सहकारी संस्थांचं काय होते ते बघतोच आपण, कागदावर मजूर, आत ठेकेदाराचे साळे-मेव्हणे अन् काम जेसीबीवर.

नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो, लाभांश १५ टक्क्यांवर देता येत नाही. बरंच आहे ते, पैसेवाला सावकारासारखा आत बसत नाही. पगारातलं अंतरपण आधीच ठरवा, स्पेनच्या मोंड्रागॉनमध्ये, म्हणजे कामगारांच्याच मालकीच्या सहकारी कारखान्यांच्या समूहात, वरचा पगार खालच्याच्या साधारण सहापटीत ठेवतात, आपल्याला तर दुप्पटपण खूप झाली.

अन् चुनीचा, म्हणजे डाळ भरडताना निघणाऱ्या भुशा-तुकड्यांचा, हिशोब दर आठवड्याला फळ्यावर लिहा. किती पोती निघाली, कोणी नेली, काय भावानं. भांडण डाळीवरून कमी अन् चुनीच्या पोत्यावरून जास्त होते.

एका मिलनं समाजवाद येत नाही हे खरंच, बँक अन् बाजार बाहेरच राहतात. पण केरळात उरालुंगलची मजूर सोसायटी १९२५ मध्ये १४ जणांनी सुरू केली, आज ती मोठमोठे रस्ते, पूल बांधते.

पहिल्या वर्षी तूर विकत घेऊच नका, भांडवल अडकते. शेतकऱ्यांची भरडून द्या अन् क्विंटलमागे मजुरी घ्या.